श्रद्धेची किंमत कोणी मोजायची?

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) जे शुभवर्तमान वाचतात, ते आणि त्यानंतरचा विधी एकमेकांच्या विरुद्ध आहेत, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल. वाचन असतं मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. उपास करता तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुम्ही उपाशी आहात हे लोकांना दिसणार नाही. प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घ्या. हे ऐकून थोडा वेळ होतो न होतो तोच भाविक रांगेत उभे राहतात आणि अनेक देशांत धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखतात. तिथून परस्पर कामावर जाणाऱ्याला प्रश्न पडतो: हा क्रूस पुसायचा की तसाच ठेवायचा?

दोन्ही उत्तरं देणारी माणसं आहेत. एकजण बाहेर पडता पडता रुमालाने कपाळ स्वच्छ करतो. सहकाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, या संकोचापोटी. दुसरा फोटो काढतो आणि दुपारपर्यंत तो शंभर लोकांनी पाहिलेला असतो. पहिला स्वतःला नम्र समजतो, दुसरा धीट. मला दोघांचीही काळजी वाटते, कारण दोघांचंही लक्ष लोक काय म्हणतील इकडेच लागलेलं आहे.

त्याच डोंगरावरील प्रवचनात, सहाव्या अध्यायाच्या आधी, पाचव्या अध्यायात, दिवा मापाखाली ठेवू नका, दिवठणीवर ठेवा, असंही येशू सांगतो. माणसांनी तुमची सत्कृत्यं पाहावीत आणि स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा, असं तो म्हणतो. बोलणारा एकच, ऐकणारे तेच. मग सहाव्या अध्यायात दार लावून घ्यायला का सांगितलं? मला दिसतं ते असं: सहाव्या अध्यायातला दिखाऊ माणूस आपली भक्ती दाखवून स्वतः काहीतरी कमावतो. पाचव्या अध्यायातल्या माणसाच्या हातून दुसऱ्याचं काही भलं होतं. म्हणजे श्रद्धा घरात असावी की चारचौघांत, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. ती चारचौघांत आली की फायदा कोणाचा होतो आणि झीज कोण सोसतो, हे विचारायला हवं.

कॅथलिक माणसाने धर्मनिरपेक्ष समाजात आपली श्रद्धा उघडपणे जगावी, असं माझं ठाम मत आहे. पण त्या श्रद्धेची किंमत त्याने स्वतः मोजावी. ती दुसऱ्याकडून वसूल करायला लागलो की आपण साक्ष देणं सोडून सत्ता गाजवायला लागतो.

आधी ‘धर्म घरात ठेवा’ या सल्ल्याबद्दल. हा सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. धर्माच्या नावाने झालेले रक्तपात आणि छळ यांचा इतिहास त्यांना ठाऊक असतो. त्यांच्या बाजूने हमखास जॉन केनेडी यांचा दाखला दिला जातो. 12 सप्टेंबर 1960 रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकांपुढे बोलताना, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत असलेल्या केनेडींनी सांगितलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे. सार्वजनिक प्रश्नांवर मी चर्चच्या वतीने बोलत नाही आणि चर्च माझ्या वतीने बोलत नाही. भाषणाचा एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. त्याच भाषणात ते पुढे म्हणाले होते की पदाचं कर्तव्य पार पाडताना विवेकाशी किंवा राष्ट्रहिताशी द्रोह करण्याची वेळ आलीच, तर मी राजीनामा देईन. माझ्या लेखी भाषणाचं सगळं वजन या वाक्यात आहे. ज्याने श्रद्धा खरोखरच घरी ठेवली आहे त्याला राजीनाम्याची भाषा करायची गरज पडत नाही.

चोवीस वर्षांनी, 1984 च्या सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो यांनी नोत्र दाम विद्यापीठात गर्भपाताच्या प्रश्नावर बोलताना वेगळी वाट काढली. मी स्वतः चर्चची शिकवण मानतो, पण अनेक मतांच्या समाजावर ती कायद्याने लादता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. ‘व्यक्तिशः माझा विरोध आहे, पण...’ हे पुढे कित्येक राजकारण्यांचं पाठ केलेलं वाक्य झालं. कुओमोंवर टीका करणाऱ्यांनाही आणि त्यांची री ओढणाऱ्यांनाही एका गोष्टीचा विसर पडतो. हेच कुओमो फाशीच्या शिक्षेचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं की दरवर्षी नकाराधिकार वापरून ते रोखत होते. जनमत फाशीच्या बाजूने होतं. तिथे ते ‘व्यक्तिशः माझा विरोध आहे, पण’ म्हणाले नाहीत. 1994 ची निवडणूक ते हरले, त्यात हाही एक मुद्दा होता, आणि नव्या गव्हर्नरने पुढच्याच वर्षी फाशीच्या कायद्यावर सही केली. गर्भपाताबाबतची त्यांची मांडणी मला पटत नाही. पण ज्या प्रश्नावर त्यांनी विवेक दारात काढून ठेवला नाही, तिथे त्यांनी त्याची किंमत स्वतःच्या खुर्चीने भरली, हे मान्य करायलाच हवं.

सांगायचं ते इतकंच की विवेक घरी ठेवून सार्वजनिक जीवनात वावरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. समतेवर श्रद्धा असणारा ती घेऊन येतो, बाजारपेठेवर श्रद्धा असणारा ती घेऊन येतो. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी मिळणं हा न्यायाचा भाग आहे, असं पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मांडलं. हे म्हणणं चर्चमधून आलं म्हणून ते कामगार कायद्यांच्या चर्चेतून वगळायचं का? जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास स्वतः श्रद्धावान नव्हते. तरी धार्मिक नागरिकांनी सार्वजनिक चर्चेत आपल्या भाषेत बोलावं, फक्त संसदेत आणि न्यायालयात निर्णय घेताना कारणं सर्वांना समजतील अशी हवीत, असं त्यांनी मांडलं. मला ही वाटणी रास्त वाटते.

या वाटणीचा सर्वांत धारदार नमुना मला दिसतो तो म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांच्यात. नाझी राजवटीत मनोरुग्ण आणि अपंगांना संस्थांमधून नेऊन गुपचूप मारलं जात होतं. 3 ऑगस्ट 1941 रोजी संत लाम्बर्ट चर्चच्या व्यासपीठावरून फॉन गालेन यांनी हे उघड बोलून दाखवलं. प्रवचनातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ते नुसते दहा आज्ञांवर बोलून थांबले नाहीत. जर्मन दंडसंहितेच्या 139 व्या कलमानुसार, कोणाच्या जिवावर उठलेल्या गुन्ह्याची माहिती असेल तर ती अधिकाऱ्यांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, म्हणून 28 जुलैला मी सरकारी वकिलांकडे आणि पोलिसप्रमुखांकडे रीतसर फिर्याद दिली आहे, असं त्यांनी भर चर्चमध्ये सांगितलं. कलमाचा आकडा, तारीख, सगळं. ‘खून करू नको’ ही पाचवी आज्ञा आणि 139 वं कलम एकाच प्रवचनात. माणूस ‘उत्पादक’ राहिला नाही म्हणून त्याला मारायचं ठरलं, तर उद्या आपल्यातला प्रत्येक म्हातारा आणि जायबंदी होऊन परतलेला प्रत्येक सैनिक त्याच रांगेत असेल, हा त्यांचा युक्तिवाद कळायला कॅथलिक असण्याची गरज नव्हती.

त्याच महिन्यात ती मोहीम अधिकृतपणे थांबवण्यात आली. तोवर 70,000 हून अधिक माणसं मारली गेली होती, आणि नंतरही हत्या लपूनछपून चालूच राहिल्या. या प्रवचनामागे आणखी दोन गोष्टी आहेत. ज्यूंच्या छळाविरुद्ध फॉन गालेन असं उघडपणे कधी बोलले नाहीत. त्यांच्या धैर्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुसरी गोष्ट, बिशपांना हात लावायला राजवट कचरली, पण त्यांची प्रवचनं नक्कल करून वाटणाऱ्यांना तिने सोडलं नाही. ल्युबेकमधले तीन कॅथलिक धर्मगुरू आणि त्यांच्याबरोबर एक लुथरन पाळक यांच्यावर जे आरोप ठेवले गेले, त्यांत हाही होता. 10 नोव्हेंबर 1943 रोजी हॅम्बुर्गमध्ये चौघांचाही गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याला मोजायला लावणं म्हणजे काय, हे पाहायचं तर आयर्लंडकडे पाहावं लागेल. 1935 च्या कायद्याने तिथे गर्भनिरोधकांची विक्री बंद झाली. 1937 च्या राज्यघटनेने घटस्फोटावर बंदी घातली आणि कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं. हे विशेष स्थान 1972 च्या सार्वमताने गेलं. घटस्फोटावरची बंदी उठायला 1995 उजाडलं, तीही निसटत्या बहुमताने. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दर दहा आयरिश कॅथलिकांपैकी नऊजण रविवारी मिस्सेला जात. बाहेरून पाहणाऱ्याला हा श्रद्धेचा सुवर्णकाळ वाटला असता. पण कायदा माणसाच्या विवेकाचं काम करू लागला की विवेकाला कामच उरत नाही. शिवाय त्या व्यवस्थेत भरडले गेले ते बिशप किंवा मंत्री नव्हते. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली होत्या, धर्मसंघांच्या निवासी शाळांमध्ये टाकलेली गरिबांची पोरं होती. त्या शाळांत काय घडलं हे चौकशी आयोगाच्या 2009 च्या अहवालाने जगापुढे मांडलं. 2018 मध्ये गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवायच्या बाजूने दोन तृतीयांश मतं पडली, तेव्हा अनेक कॅथलिकांना ‘हे एका रात्रीत कसं झालं’ असं वाटलं. एका रात्रीत काहीच झालं नव्हतं. चर्चचा शब्द ऐकून घेण्याची लोकांची तयारी आधीच संपली होती, आणि ती संपवण्यात चर्चमधल्या माणसांचाच हात होता.

धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांबद्दल इथेच बोलतो, कारण त्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा कॅथलिक लेखकाला अधिकार नाही. बोस्टनमधली प्रकरणं 2002 मध्ये उघडकीला आली. त्यानंतर देशोदेशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: संस्थेची अब्रू वाचावी म्हणून गुन्हेगाराची बदली केली गेली आणि बालकाला गप्प बसवलं गेलं. चर्चच्या नावाची किंमत एका मुलाने मोजली. पापनिवेदन हा आपल्याकडे संस्कार आहे. जी ख्रिस्तसभा व्यक्तीला गुडघे टेकायला लावते, तिने संस्था म्हणून पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे सत्य सांगणं हीसुद्धा श्रद्धेची सार्वजनिक साक्षच आहे. आज ती इतर कुठल्याही साक्षीपेक्षा आधी यायला हवी.

चर्चला स्वतःलाही ही समज यायला वेळ लागला. 1864 च्या ‘चुकीच्या मतांच्या यादी’त पोप नववे पायस यांनी चर्च आणि राज्य वेगळी असावीत हे मत चुकीचं ठरवलं होतं. शंभर वर्षांनी, 7 डिसेंबर 1965 रोजी, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा 2,308 विरुद्ध 70 मतांनी स्वीकारला. धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होऊ नये, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, अशी त्याची भूमिका आहे. तो घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जॉन कोर्टनी मरे या येशूसंघीय धर्मगुरूंना 1950 च्या दशकात याच विषयावर लिहिण्यापासून थांबवण्यात आलं होतं. ते गप्प राहिले, थांबले, आणि पुढे तज्ज्ञ म्हणून परिषदेला बोलावले गेले. धर्मनिरपेक्ष राज्याला नाइलाज म्हणून सहन करणारे कॅथलिक आजही आहेत. त्यांनी हा जाहीरनामा पुन्हा वाचावा. आपण राज्याची मेहेरबानी मागत नाही आणि राज्याचा दंडुकाही मागत नाही, हे त्यात चर्चने स्वतःच कबूल केलं आहे.

दंडुक्यापेक्षा सोज्ज्वळ वाटणारा एक मोह म्हणजे सरकारी भिंतीवरचा क्रूस. इटलीतल्या सरकारी शाळांच्या वर्गांत क्रूस असतो. एका आईने त्यावर हरकत घेतली आणि खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. 2011 मध्ये मोठ्या पीठाने इटलीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा पुष्कळ कॅथलिकांनी आनंद साजरा केला. मला तो करता आला नाही. क्रूस हे केवळ धर्माचं चिन्ह नाही, ते इटलीच्या संस्कृतीचं आणि ओळखीचं चिन्ह आहे, असं इटलीच्या सरकारने मांडलं होतं, आणि न्यायालयाने भिंतीवरच्या क्रुसाला ‘मुळात निष्क्रिय चिन्ह’ म्हटलं. ज्याच्यावर आमचा प्रभू मरण पावला, ते निष्क्रिय? 2018 मध्ये बव्हेरियाच्या सरकारने सरकारी इमारतींच्या प्रवेशद्वारात क्रूस लावायचा हुकूम काढला, तोही ओळखीच्या नावाने. त्याला विरोध करणाऱ्यांत म्युनिकचे कार्डिनल राइनहार्ड मार्क्स होते. क्रुसाकडे नुसतं सांस्कृतिक चिन्ह म्हणून पाहणाऱ्याला तो कळलेलाच नाही, ही त्यांची भूमिका मला शंभर टक्के पटते. सरकारी क्रूस लावायला कोणाही कॅथलिकाला काही सोसावं लागत नाही. सोसावं लागतं ते त्या दारातून आत जाणाऱ्या इतरांना, ज्यांना आपण इथले पाहुणे आहोत असं वाटू लागतं.

याच न्यायालयाचा 15 जानेवारी 2013 चा एक निकाल मात्र कसोटी म्हणून वापरण्याजोगा आहे. ब्रिटनमधल्या चार ख्रिस्ती कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र ऐकले गेले. विमान कंपनीत काम करणारी एक बाई गळ्यात लहानसा क्रूस दिसेल असा घालत होती. तिच्या बाजूने निकाल लागला, कारण त्याने कोणाचंच काही बिघडत नव्हतं. रुग्णालयातल्या परिचारिकेला साखळीतला क्रूस काढायला सांगितलं होतं. ती हरली, कारण तिथे रुग्णांच्या आणि तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. समलिंगी जोडप्यांची नोंदणी करायला नकार देणारी निबंधकही हरली. शेवटच्या मुद्द्यावर अनेक कॅथलिक मित्र माझ्याशी वाद घालतात. पण खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या नागरिकाला कायद्याने दिलेला हक्क माझ्या विवेकामुळे नाकारला जात असेल, तर त्या खुर्चीवर बसून राहणं मला योग्य वाटत नाही. सहकाऱ्याकडे काम सोपवता येत असेल तर मागून घ्यावं, नसेल तर खुर्ची सोडावी. ते कठीण आहे. म्हणूनच तर त्याला साक्ष म्हणायचं.

बेल्जियमचे राजे बोदुएन यांनी 1990 मध्ये साधारण हेच केलं. गर्भपाताला सशर्त परवानगी देणारा कायदा संसदेने मंजूर केला होता. त्यावर सही करणं त्यांच्या विवेकाला मानवेना. देशात सर्वांना विवेकस्वातंत्र्य असेल तर ते एकट्या राजालाच नसावं का, असं त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विचारलं. कायदा मात्र त्यांनी अडवला नाही. मंत्रिमंडळाने घटनेच्या आधारे राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर करून स्वतः सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी संसदेने त्यांना पुन्हा गादीवर बसवलं. काहींनी याला पळवाट म्हटलं. मी म्हणणार नाही. पुन्हा बसवतीलच याची हमी त्यांना कोणी दिली होती?

इथे माझ्या कसोटीला खरा ताण पडतो, हेही सांगतो. गर्भपाताच्या प्रश्नात चर्च म्हणतं की किंमत मोजणारं एक तिसरं माणूस आहे, ज्याला अजून आवाज नाही. मीही तसंच मानतो. पण कायद्याने बंदी घातली की नऊ महिने आणि पुढचं आयुष्य मोजणारी ती स्त्री असते, मी नसतो. म्हणून या प्रश्नावर बोलणाऱ्या कॅथलिकाने, विशेषतः पुरुषाने, आधी आपल्या खात्यावर काय आहे हे दाखवलं पाहिजे. अडलेल्या बाईला भाडं, औषधपाणी, रजा, मुलाचा सांभाळ यांपैकी आपण काय दिलं? तिचं नाव धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या भाविकांमध्ये, कुजबुजलं गेलं तेव्हा आपण कुठे होतो? एवढं झाल्यावर संसदेत, वर्तमानपत्रात, चौकात जरूर बोलावं, फॉन गालेन बोलले तसं, सर्वांना कळणाऱ्या कारणांनिशी. आणि मतदानात हरलो तर हरावं.

प्रापंचिकांचं सार्वजनिक जीवन बहुतेक वेळा असल्या ठळक प्रश्नांपाशी येतच नाही. ते येतं खोट्या बिलावर सही करायला सांगणाऱ्या वरिष्ठापाशी, कंत्राटी कामगाराचे तास कमी दाखवणाऱ्या हजेरीपटापाशी. रविवारची श्रद्धा आणि रोजचं वागणं यांतली फारकत ही या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच म्हटलं. ज्या लेखापालाने ती सही नाकारली, त्याच्या कपाळावर राख होती की नव्हती हे कोणी विचारत नाही.

फ्रान्झ येगरश्टेटर हे ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचे शेतकरी, चर्चचे सेवेकरी. हिटलरच्या सैन्यात लढायला त्यांनी नकार दिला. कुटुंबाचा विचार कर, असं त्यांना गावच्या धर्मगुरूंनीही सांगितलं आणि बिशपांनीही. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्यांना मृत्युदंड दिला गेला. 2007 मध्ये चर्चने त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. पण त्या नकाराची किंमत एकट्या फ्रान्झ यांनी मोजली नाही. त्यांच्या पत्नी फ्रान्झिस्का तीन लहान मुलींना घेऊन शेत करत राहिल्या. गावाने नवऱ्याच्या हट्टाचा दोष त्यांच्यावर टाकला आणि युद्धविधवेचं निवृत्तिवेतन त्यांना 1950 पर्यंत नाकारण्यात आलं.

म्हणजे स्वतः किंमत मोजायला निघालेल्या माणसाची किंमतही घरच्यांवर येते. ती वाटून घेणं हे धर्मग्रामाचं काम आहे. सही नाकारून नोकरी गमावलेल्या माणसासाठी आपल्या धर्मग्रामात एखादा वकील आहे का, सहा महिन्यांचं घरभाडं देईल असा निधी आहे का, त्याच्या मुलांच्या फीची कोणी चौकशी करतं का? बहुतेक ठिकाणी घंटा, रंगकाम आणि जत्रेसाठी समिती असते, यासाठी नसते. ती पुढच्या सभेत नेमता येईल.